उणे पन्नासावर एन्झाइम: थंडीचे सामान मागवण्याआधी

नागपुरातल्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळांना आम्ही कूलिंग बाथ (नमुना थंड ठेवणारे द्रवाचे भांडे), क्रायोस्टॅट (अतिथंड तापमान स्थिर ठेवणारे उपकरण), ईपीआर ट्यूब (चुंबकीय क्षेत्रात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या मोजणीची नळी) आणि द्रव नायट्रोजन पुरवतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बाथ किती खाली जातो?" आमच्या मते हा प्रश्न तिसरा यायला हवा. पहिले दोन आहेत द्रावक (ज्यात एन्झाइम विरघळवायचे तो द्रव) आणि पीएच (आम्लता).

एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन. त्याच्या क्रियेतल्या मधल्या अवस्था कधी कधी मिलिसेकंदभरच टिकतात. थंडीत त्या रेंगाळतात. एखाद्या पायरीची सक्रियण ऊर्जा (ती पार पडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलला ६० किलोज्यूल असेल, तर २५ अंशांवरून उणे ५० वर नेल्यावर तिचा वेग सुमारे साडेतीन हजार पटींनी मंदावतो. मिलिसेकंदाचे साडेतीन सेकंद होतात आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारे यंत्र) काहीतरी दिसू लागते. शिवाय प्रत्येक पायरीची सक्रियण ऊर्जा वेगळी, म्हणून सगळ्या सारख्या मंदावत नाहीत. एखादी अवस्था साचते, तीच आपल्याला हवी असते.

अडचण पाण्याची आहे. ते शून्यालाच गोठते. १९७०च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर दूझू यांनी पाण्यात मिथेनॉल, इथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ अशी द्रावके मिसळून ही पद्धत शिस्तीत बसवली. सत्तर टक्के मिथेनॉल उणे ७० पर्यंत पातळ राहते. १९७६ मध्ये इलास्टेज या एन्झाइमच्या स्फटिकात सब्स्ट्रेट (ज्यावर एन्झाइम क्रिया करते तो रेणू) अडकवून उणे ५५ अंशांवर त्याची क्ष-किरण रचना काढली गेली, तीही सत्तर टक्के मिथेनॉलमध्येच.

पण मिथेनॉल ओतायचे कधी? गेल्या मे महिन्यात आमच्या एका ग्राहक प्रयोगशाळेतल्या विद्यार्थिनीने खोलीच्या तापमानाला पन्नास टक्के मिथेनॉल एकदम घातले. प्रथिन दह्यासारखे फाटले आणि महिन्याभराचे शुद्धीकरण वाया गेले. बाथ उत्तम चालत होता. तिचा चेहरा आठवतो, म्हणूनच हे पत्रक लिहायला घेतले. द्रावक थोडे थोडे घाला, आणि जसजसे थंड कराल तसतसे त्याचे प्रमाण वाढवा. थंडीत प्रथिन मिथेनॉल बरेच जास्त सोसते.

बफरचेही (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) तसेच. ट्रिस या बफरचा पीएच दर अंश थंडीमागे सुमारे ०.०३ ने चढतो. २५ अंशांना ७.५ असलेला शून्याला ८.२ होतो. सोडियम फॉस्फेट तर गोठताना दगा देते: डायसोडियम क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि सातचा पीएच चारच्या आसपास घसरतो. नमुना गोठवणार असाल तर ते टाळाच.

यानंतर एक तपासणी, जिला पर्याय नाही. थंड नमुना परत साध्या बफरमध्ये पातळ करा आणि क्रियाशीलता मोजा. ती पूर्ण परतली, आणि अऱ्हेनियस आलेख (तापमानानुसार वेग कसा बदलतो ते दाखवणारा) सरळ आला, तरच पुढे जा. आलेख मोडला तर एकतर वेग ठरवणारी पायरी बदलली, किंवा एन्झाइमचे रूपच बदलले.

दुसरी वाट म्हणजे झटक्यात गोठवणे. ब्रे या संशोधकाने ती १९६१ मध्ये मांडली: दोन द्रावणे मिसळून काही मिलिसेकंदांत उणे १४० च्या आसपास थंड केलेल्या आयसोपेंटेन या ज्वलनशील द्रवात फवारायची आणि मिळालेली भुकटी ईपीआर ट्यूबमध्ये दाबून भरायची. थेट द्रव नायट्रोजनमध्ये का नाही? कारण नमुन्याभोवती वायूचे कवच तयार होते आणि गोठणे उलट रेंगाळते. सायटोक्रोम पी४५० या एन्झाइमची कंपाउंड वन नावाची मधली अवस्था कित्येक दशके हुलकावणी देत होती. २०१० मध्ये रिटल आणि ग्रीन या संशोधकांनी ती याच वाटेने पकडली.

इथे नागपूरकरांनी विशेष जपायचे आहे. आयसोपेंटेन २८ अंशांना उकळते. आपल्या उन्हाळ्यात बंद बाटली फुगलेलीच असते. ती थंड करूनच उघडा, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको, आणि घरगुती फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. त्याच्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरेशी असते.

प्रयोगाच्या खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर बंद करा. त्याच्या ओल्या हवेने क्यूव्हेटच्या (नमुना ठेवण्याची पारदर्शक कुपी) काचेवर दव आणि मग बर्फ धरतो, आणि वर्णपटात नसलेली शिखरे दिसू लागतात. काचेवर कोरड्या नायट्रोजन वायूचा झोत सोडा.

द्रव नायट्रोजनची वाफ झाली की तो सुमारे सातशेपट पसरतो. म्हणून ड्यूअरचे (तो साठवण्याचे थर्मासासारखे भांडे) तोंड कधीही घट्ट बंद करू नका, एसीसाठी दारे-खिडक्या लावलेल्या छोट्या खोलीत तो ओतू नका, आणि लिफ्टमधून नेताना ड्यूअरसोबत कुणीही चढू नका. एकाने वर पाठवावा, दुसऱ्याने वर उतरवून घ्यावा.

दरपत्रक मागताना एन्झाइमचे नाव, बफर, हवे असलेले तापमान आणि मोजणी कशावर करणार ते कळवा. द्रावकाची चाचणी अजून झाली नसेल तर तसेही लिहा. उणे २० पर्यंतचा छोटा बाथ आम्ही आधी आठवडाभर वापरायला देतो. नवतपाच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत नायट्रोजन दोन दिवस आधी सांगून ठेवा. गाडी सकाळी आठच्या आतच निघते, कारण दुपारच्या उन्हात वाटेतच बराच उडून जातो.