बार्बेक्यू रिब्ज : मसाला आणि सॉसची निवड (नाशिक परिसर)

बरगड्यांच्या मांसाला कोरडा मसाला चोळून, ते मंद आचेवर आणि धुरात कित्येक तास शिजवून, शेवटी वरून सॉस लावून खाण्याची पद्धत. मूळची अमेरिकेच्या दक्षिण व मध्य भागातील राज्यांची. नाशिकमध्ये ती वाइनरींची उपाहारगृहे, मळ्यातली फार्महाऊस आणि थंडीतल्या गच्चीवरच्या पार्ट्या यांतून ओळखीची झाली. मसाला-सॉस निवडताना कोणती पाककृती नावाजलेली आहे हे गौण आहे. मांसात चरबी किती आणि निखारा किती जवळ, एवढे आधी पाहावे. नाशिकच्या बाजारात बरगडी बहुधा बोकडाची मिळते आणि बाहेरची प्रमाणे डुकराच्या बरगडीसाठी बेतलेली असतात. ती जशीच्या तशी उचलली की पदार्थ हमखास फसतो.

मांस

डुकराच्या बरगडीत चरबीचे थर आणि चिवट संयोजी ऊती दोन्ही भरपूर असतात. या ऊतींतले कोलॅजन हे चिवट प्रथिन साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू मऊ जिलेटिनमध्ये बदलते. म्हणून आच ११० ते १३० अंशांच्या दरम्यान ठेवतात आणि मांस आतून ९० अंशांच्या पुढे जाईपर्यंत थांबतात. मोठ्या पट्टीला यात पाच-सहा तास जातात. हाडांच्या आतल्या बाजूचा पांढरा पापुद्रा कोरड्या फडक्याने धरून ओढून काढावा. तो राहिला तर त्या बाजूने मसाला मांसाला लागतच नाही.

बोकडाच्या बरगडीवर मांस पातळ आणि चरबी कमी. खाटकाकडे ‘सीना’ किंवा ‘चाप’ मागितली की तो सवयीने रश्श्याचे तुकडे पाडतो, त्यामुळे सत्तूर उचलायच्या आधीच ‘तोडू नका, सलग पट्टी द्या’ असे सांगावे लागते. या पट्टीला वेळ कमी लागतो, पण ती वाळतेही लवकर. म्हणून तेल, दही किंवा मोहरीचा पातळ लेप आधी लावून मग मसाला चोळतात. गायींच्या कत्तलीवर आधीपासून आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून महाराष्ट्रात बंदी असल्याने टेक्सासच्या धर्तीवरचे गोमांसाचे रिब्ज येथे होत नाहीत. डुकराचे मांस बहुतेक गोठवलेल्या मांसाच्या दुकानांतून आणावे लागते.

कोरडा मसाला

अमेरिकी मसाल्याचे चार आधार असतात : मीठ, साखर, रंगासाठी पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) आणि तिखटपणासाठी मिरी किंवा मिरची. लसूण व कांद्याची पूड, जिरे, मोहरी ही त्यावरची भर. टेनेसीतल्या मेम्फिस शहरात रिब्ज पुष्कळदा सॉसशिवाय, नुसत्या कोरड्या मसाल्यावर वाढतात. टेक्सासमध्ये मीठ आणि जाडसर मिरी एवढ्यावरच भागवणारे पुष्कळ आहेत, आणि मांस चांगले असेल तर त्यांचे काही चुकते असे म्हणवत नाही.

या सगळ्यांत मांसाच्या आत खोलवर शिरते ते मीठच. बाकीचे मसाले पृष्ठभागावर राहतात. त्यामुळे मीठ आदल्या रात्री आणि बाकीचा मसाला चुलीवर ठेवण्याच्या तासभर आधी, असे दोन टप्पे केले तर चव सारखी मुरते. हाडासकट किलोभर मांसाला दहा ग्रॅम मीठ पुरते. तयार पाकिटातल्या मसाल्यात मीठ बहुतेक वेळा घातलेलेच असते. अशा वेळी वेगळे मीठ लावणे आणि वर सोया सॉसही ओतणे म्हणजे तोंडात घालवणार नाही असा पदार्थ करणे.

पॅप्रिकाच्या जागी ब्याडगी मिरचीची पूड चालते : रंग गडद, तिखटपणा बेताचा. लवंगी मिरची वापरली तर प्रमाण अगदी थोडे ठेवावे, कारण तास-तास आचेवर राहिल्याने मिरचीचा झणझणीतपणा उतरत नाही. साखरेऐवजी किसलेला गूळ घालण्याची इथली सवय चवीला बरी, पण गूळ ओला असल्याने मसाल्याच्या गाठी होतात. गूळ चोळायचाच असेल तर तो ऐनवेळी मिसळावा.

नाशिककरांचा हात साहजिकच काळ्या मसाल्याकडे जातो. त्यातले दगडफूल धुराच्या वासाशी छान जमते. अडचण कांदा-खोबऱ्याची आहे. ते आधीच काळपट होईस्तोवर भाजलेले असते. थेट निखाऱ्यावर ते पुन्हा भाजले गेले की कडू होते. म्हणून काळा मसाला सुरुवातीला चोळू नये. तेलात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात लावावा, नाहीतर सॉसमध्ये घालावा. खोबरे न घातलेला, फक्त खड्या मसाल्यांचा काळा मसाला घरी केलेला असेल तर मात्र तो आधीपासून चालतो.

सॉस

सॉसचे मुख्य प्रकार प्रदेशावरून ओळखले जातात. कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि मोलॅसिसचा (साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाचा), दाट व गोड. बाटलीतून जगभर गेला तो बहुतांशी हाच. पूर्व नॉर्थ कॅरोलिनात टोमॅटो मुळीच न घालता सिरका, मिरची व मीठ यांचे पातळ पाणी वापरतात. साउथ कॅरोलिनाचा पिवळा सॉस मोहरीचा असतो, आणि लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या घरात त्याची चव परकी वाटू नये. अलाबामातला मेयोनेज व सिरक्याचा पांढरा सॉस मुख्यतः कोंबडीसाठी आहे, रिब्जवर तो फारसा कोणी घालत नाही.

निवडीचा ठोकताळा असा : चरबी जास्त तर सॉस आंबट, चरबी कमी तर सॉस गोडसर आणि थोडा तेलकट. डुकराच्या बरगडीवर सिरक्याचा पातळ सॉस शोभतो, कारण आंबटपणा चरबीचा जडपणा कापतो. तोच सॉस बोकडाच्या कोरड्या पट्टीवर टाकला की मांस आणखी रुक्ष लागते.

गोड सॉस लावण्याची वेळ हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा. साखर १६० अंशांच्या आसपास तांबूस होऊ लागते आणि त्यापुढे तापमान थोडे वाढले तरी करपते, तर निखाऱ्यालगतच्या जाळीचे तापमान सहज २०० अंशांच्या वर जाते. म्हणून गोड सॉस शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, निखारे बाजूला सारून, दोन-तीन पातळ हातांनी लावतात. एकच जाड थर वरून करपतो आणि खाली चिकट राहतो. कच्च्या मांसाला लावलेला ब्रश सॉसच्या भांड्यात परत बुडवू नये. टेबलावर घ्यायचा सॉस आधीच वेगळा काढून ठेवावा.

नाशिकचे साहित्य

मोलॅसिसला इथला जवळचा पर्याय काकवी. साखर काढून घेतल्यावर उरते ते मोलॅसिस, तर गूळ धरण्याआधीचा उसाचा पाक ती काकवी. त्यामुळे काकवी जास्त गोड आणि कमी कडवट असते. तिच्यासोबत चिंचेचा कोळ घातला की तोल साधतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की सॉस घरी आटवणे परवडते. बाटलीतला केचप वापरला तर त्यात साखर आधीच असते, काकवी निम्मी करावी. कांदा घालायचा तर उन्हाळ कांदा बरा : लाल कांद्यापेक्षा त्यात पाणी कमी, त्यामुळे लवकर परततो आणि सॉसला दाटपणा येतो. बेदाणे भिजवून वाटून घातले तर साखरेची गरजच उरत नाही. लाल वाइन सॉसमध्ये घालायची असल्यास ती आधी निम्मी आटवावी, नाहीतर कच्चा वास मागे राहतो. तिच्यासाठी महागडी बाटली फोडण्यात अर्थ नाही.

धुरासाठी आंबा व बाभूळ नेहमीची. द्राक्षवेलीच्या लाकडावर मांस भाजण्याची रीत फ्रान्समधल्या बोर्दो भागात जुनी आहे आणि नाशिकला या लाकडाची वानवा नाही. तरी छाटणीच्या ताज्या काड्या सरसकट वापरणे मला पटत नाही. बागांवर हंगामभर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. जुनी बाग काढल्यावर निघालेली खोडे साल तासून, पूर्ण वाळवून घेतली तर ती त्यातल्या त्यात बरी. हे लाकूड भडकन पेटते आणि निखारा फार टिकत नाही, म्हणून कोळशाच्या जोडीला मूठभर पुरे.

श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी हाच मसाला मक्यावर जातो. कणीस उभे चार भागांत चिरले की भाजताना फाक बरगडीसारखी वळते. मक्याला स्वतःची चरबी फारशी नसल्याने आधी लोणी किंवा तेल चोळावे, त्याशिवाय मसाला दाण्यांवर धरत नाही.