रक्ताची की ब्लॉकची? स्तनाच्या कर्करोगातल्या दोन ‘जीन टेस्ट’

गोव्यात बांबोळीला गोमेकोत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो वा फोंडा-म्हापशाच्या खासगी इस्पितळात, स्तनाचा कर्करोग निघाला की उपचार ठरवताना कधी ना कधी ‘जीन टेस्ट’चा विषय निघतो. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: रक्त द्यायचं की ब्लॉक?

रक्त घेतात ते बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांसाठी. डॉक्टर बोलताना ‘ब्राका’ म्हणतात. ही जनुकं १९९४-९५ मध्ये शोधली गेली. तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यांत जन्मतः बिघाड असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो आणि पुढे प्रत्येक मुलाकडे वा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. घराण्यात कोणाला कर्करोग होता, असं विचारलं की आपण आजी, आई, मावशी सांगतो आणि आत्या, वडिलांची आई राहून जातात. त्या आवर्जून सांगा.

ब्लॉक म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात बसवून ठेवलेला तुकडा. तो बहुधा घरच्यांनाच बायोप्सी किंवा ऑपरेशन झालं तिथल्या लॅबमधून आणावा लागतो, म्हणून त्याची पावती जपा. ऑन्कोटाइप डीएक्स ही तपासणी त्या गाठीतली २१ जनुकं किती जोरात काम करताहेत ते मोजते आणि ० ते १०० मध्ये स्कोअर देते; स्कोअर जास्त तर कर्करोग परतण्याचा धोका जास्त. ती हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हॉर्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेल्या) आणि लवकर सापडलेल्या कर्करोगासाठीच आहे. ट्रिपल निगेटिव्हला, म्हणजे दोन्ही हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टू नसलेल्या कर्करोगाला, तिचा उपयोग नाही. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात काखेतल्या गाठींपर्यंत न पोचलेला असा कर्करोग असलेल्या बायका होत्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना स्कोअर २५ पर्यंत असताना हॉर्मोनच्या गोळ्यांना केमोची जोड देऊन जास्तीचा फायदा झाला नाही. पन्नास किंवा त्याहून कमी वयाच्यांत मात्र १६ ते २५ स्कोअरला काहीसा फायदा दिसला. त्यामुळे शेजारणीचा स्कोअर ऐकून आपली केमो टाळू नये, ही माझी कळकळीची विनंती.

गोंधळ होतो तो पुढे. ब्लॉकचा स्कोअर कमी आला म्हणून मुलीला धोका नाही, असं होत नाही. ब्राका नॉर्मल आलं म्हणून केमो टळत नाही. त्यात ब्राकाचाही उपचारांशी संबंध आहेच. हर-टू निगेटिव्ह आणि परतण्याचा धोका जास्त असलेल्या कर्करोगात, बिघाड जन्मतः असेल तर ओलापॅरिबच्या गोळ्या वर्षभर दिल्याने तो परतण्याचं प्रमाण घटतं, हे २०२१ मध्ये दिसून आलं. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट पेशंटच्या औषधांसाठीही लागतो आणि घरच्यांसाठीही.

कधी रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ असतं. त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही, एवढंच ते सांगतं; त्यावरून स्तन वा अंडाशय काढण्याचा निर्णय घेऊ नये. पक्का बिघाड सापडला तर सख्ख्या बहिणी, भाऊ आणि मोठी मुलं यांना सहसा पूर्ण पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) करावं लागत नाही, तेवढा एकच बिघाड तपासतात. त्यासाठी पेशंटच्या मूळ रिपोर्टची प्रत लागते. भावांनाही ती द्या.