जॉज (चित्रपट)

माणसावर हल्ला करणाऱ्या शार्क माशाच्या पाठलागावर बेतलेला अमेरिकन थरारपट. अमेरिकेत प्रदर्शन २० जून १९७५. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. निर्माते रिचर्ड झॅनक व डेव्हिड ब्राउन. पीटर बेंचली यांच्या १९७४ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून बेंचली आणि कार्ल गॉटलीब यांनी पटकथा लिहिली. संगीत जॉन विल्यम्स यांचे, छायालेखन बिल बटलर यांचे आणि संकलन व्हर्ना फील्ड्स यांचे. लांबी १२४ मिनिटे. पन्नास वर्षे उलटून गेली, यंत्राचा मासा आजच्या नजरेला रबरी वाटतो, शेवट काय होतो हे जवळपास प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही हा चित्रपट पुन्हा पाहिला जातो आणि दर वेळी पकडतो.

ॲमिटी हे काल्पनिक बेट उन्हाळी पर्यटनावर जगणारे. रात्री समुद्रात पोहायला गेलेली एक तरुणी मारली जाते. न्यूयॉर्कहून नुकताच आलेला, पाण्याला घाबरणारा पोलीसप्रमुख ब्रॉडी (रॉय शायडर) किनारा बंद करू पाहतो. पण ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीचा धंदा बुडेल म्हणून महापौर व्हॉन (मरे हॅमिल्टन) त्याला अडवतो. आणखी बळी गेल्यावर ब्रॉडी, मत्स्यशास्त्रज्ञ हूपर (रिचर्ड ड्रायफस) आणि शार्कची शिकार करणारा क्विंट (रॉबर्ट शॉ) असे तिघे ‘ऑर्का’ नावाच्या बोटीतून त्या माशाच्या मागावर निघतात. कादंबरीत ब्रॉडीची बायको आणि हूपर यांचे प्रेमप्रकरण आहे आणि महापौराचे माफियाशी संबंध आहेत. पटकथेत या दोन्ही गोष्टी गाळल्या गेल्या, आणि ते फार बरे झाले. कादंबरीतली माणसे वाचकाला आवडत नाहीत. चित्रपटातली आवडतात, म्हणून त्यांच्यासाठी भीती वाटते.

पाण्यावरचे चित्रीकरण

चित्रीकरण मे १९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर सुरू झाले. स्टुडिओतल्या हौदाऐवजी खऱ्या समुद्रातच काम करायचे, हा सत्तावीस वर्षांच्या स्पीलबर्गचा आग्रह होता. या बेटाजवळ किनाऱ्यापासून बरेच आत गेले तरी पाणी उथळ आणि तळ वाळूचा आहे, त्यामुळे यंत्र तळावर बसवता येत होते आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत कुठेही जमीन दिसत नव्हती. हा आग्रह महाग पडला. ५५ दिवसांचे काम १५९ दिवसांवर गेले आणि खर्च ठरलेल्या आकड्याच्या दुपटीहून वाढून सुमारे ९० लाख डॉलर झाला. भरती, वारा, मध्येच क्षितिजावर येणारी शिडाची होडी यांमुळे तासन्‌तास थांबावे लागे. एकदा तर कलाकार वर असताना ‘ऑर्का’च बुडू लागली.

सर्वात मोठी अडचण माशाचीच होती. कलादिग्दर्शक जो आल्व्ह्स यांच्या आराखड्यावरून बॉब मॅटी यांनी हवेच्या दाबावर चालणारे तीन शार्क बनवले होते, प्रत्येकी सुमारे २५ फूट लांबीचे. स्पीलबर्गच्या वकिलाच्या नावावरून त्यांना ‘ब्रूस’ म्हणत. खाऱ्या पाण्यात ही यंत्रे वारंवार बिघडली. पहिल्याच चाचणीत एक तळाला गेले. मासा दाखवता येईना, म्हणून तो नाही हेच दाखवत जायची वेळ आली.

न दिसणारा मासा

या चित्रपटाच्या यशाचे श्रेय अनेकदा त्या बिघाडालाच दिले जाते. यंत्र चालले असते तर मासा सतत दिसला असता आणि भीती मेली असती, असा तो युक्तिवाद. स्वतः स्पीलबर्गनेही असेच सांगितले आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. यंत्रे पुष्कळ चित्रपटांची बिघडतात. इथे त्या रिकाम्या जागेत काय ठेवायचे याचा विचार झाला, आणि तो विचार दृश्यागणिक दिसतो.

पहिल्या हल्ल्यात मासा एकदाही दिसत नाही. सुझन बॅकलिनी या स्टंट कलाकार असलेल्या अभिनेत्रीला दोरांनी दोन्ही बाजूंना ओढले गेले. पाण्यावर दिसते ती फक्त कमरेपासून वरची, आणि तिला कोण, किती ताकदीने खेचते आहे हे तिच्या अंगाच्या झटक्यांवरून कळते. पुढे बोटींच्या धक्क्यावर दोघे जण माशासाठी आमिष लावतात तेव्हा धक्क्याचा तुटलेला तुकडा आधी समुद्राकडे जातो आणि मग वळून त्यांच्याकडे येऊ लागतो. लाकडाच्या फळ्यांनी माशाचा अभिनय केला आहे. नंतरच्या भागात हेच काम पिवळी पिंपे करतात. हार्पूनला, म्हणजे माशात रुतवायच्या भाल्याला बांधलेली पिंपे पाण्यावर सरकताना दिसली की खाली काय आहे ते सांगावे लागत नाही; आणि तीन पिंपे बांधूनही मासा खाली बुडी मारतो, तेव्हा त्याच्या ताकदीचा अंदाज पाहणाऱ्याला आपोआप येतो.

बटलरनी कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागापाशी ठेवता येईल अशी जलरोधक पेटी वापरली. त्यामुळे अनेक दृश्ये पोहणाऱ्याच्या हनुवटीच्या उंचीवरून दिसतात: निम्मी चौकट हवा, निम्मी पाणी. पाहणारा किनाऱ्यावर सुरक्षित बसलेला राहत नाही.

यातले सर्वांत बारकाईने रचलेले दृश्य म्हणजे किनाऱ्यावरचा दुसरा बळी, ॲलेक्स किंटनर हा मुलगा. ब्रॉडी वाळूत बसून पाण्याकडे पाहतो आहे. समोरून पोहण्याच्या पोशाखातली माणसे जातात आणि त्यांच्या आड होणाऱ्या क्षणी चित्र बदलते, प्रत्येक वेळी ब्रॉडीच्या थोडे जवळ. पाण्यात काळे काहीतरी दिसते. ती एका म्हाताऱ्याची पोहायची टोपी निघते. एक मुलगी किंचाळते; तिला मित्राने खांद्यावर उचललेले असते. लोक ब्रॉडीशी क्षुल्लक कामांबद्दल बोलत राहतात आणि तो त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहतो. एका मुलाचा कुत्रा काठी आणायला गेलेला असतो. मग फक्त काठी तरंगताना दिसते. त्यानंतर हल्ला होतो, आणि कॅमेरा पुढे सरकत असतानाच भिंगाचा झूम मागे घेतल्यामुळे ब्रॉडीचा चेहरा जागेवर राहून मागचा किनारा लांब पळाल्यासारखा वाटतो. ही युक्ती आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५८ सालच्या व्हर्टिगो चित्रपटात प्रसिद्ध झाली होती. इथे ती एकदाच, नेमक्या जागी येते. चित्रपटकलेच्या वर्गात हे दृश्य आजही शिकवले जावे ते एवढ्यासाठीच की यात भीतीचा बहुतेक भाग हल्ल्याच्या आधी घडून गेलेला असतो.

संगीत आणि त्याचा शब्द

विल्यम्सनी पियानोवर दोन सुरांची पुनरावृत्ती वाजवून दाखवली तेव्हा स्पीलबर्गला ती थट्टा वाटली होती. तेच दोन सूर पुढे जगभर धोक्याची खूण झाले. त्यांची लय संथ सुरू होऊन वाढत जाते, त्यामुळे माशाचे अंतर आणि वेग दोन्ही कानाने मोजता येतात.

याहून महत्त्वाचे आहे ते संगीत न वाजणे. ४ जुलैच्या गर्दीत पाण्यावर शार्कच्या पाठीवरचा पर दिसतो आणि पळापळ होते, पण ते सूर ऐकू येत नाहीत. दोन मुलांनी पुठ्ठ्याचा पर लावून केलेला तो खोडसाळपणा असतो. म्हणजे संगीत खोटे बोलत नाही, हा भरवसा पाहणाऱ्याच्या मनात तयार होतो. मग ब्रॉडी बोटीच्या मागे आमिष फेकत कुरकुरत असताना, सुमारे ८० मिनिटांनंतर, मासा पहिल्यांदा समोरून डोके वर काढतो, आणि तेव्हा एकही सूर आधी वाजलेला नसतो. दिलेला शब्द मोडला जातो. ब्रॉडी मागे सरकत केबिनमध्ये येतो आणि क्विंटला म्हणतो, “तुम्हाला याहून मोठी बोट लागणार.” हे वाक्य पटकथेत नव्हते, शायडरने ते स्वतः घातले.

तीन माणसे

मासा लपवण्यानेच चित्रपट टिकला असता, तर शेवटच्या चाळीस मिनिटांत तो कोसळायला हवा होता, कारण तिथे मासा उघड दिसतो. तिथेच चित्रपट सर्वांत घट्ट धरून ठेवतो. याचे कारण बोटीवरच्या तीन माणसांत आहे आणि त्याआधी गावात घडलेल्या गोष्टींत आहे.

ॲलेक्सची आई काळ्या कपड्यांत येऊन ब्रॉडीच्या थोबाडीत मारते, कारण धोका माहीत असूनही किनारा उघडा ठेवला होता. महापौर म्हणतो, तिचे चुकले. ब्रॉडी म्हणतो, नाही. त्या रात्री तो जेवणाच्या टेबलाशी खचून बसलेला असताना धाकटा मुलगा त्याच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करतो. बापाच्या लक्षात येते आणि तो मुलाकडे एक पापा मागतो. का, असे मुलगा विचारतो, तर मला हवा आहे म्हणून, असे उत्तर येते. शार्कपटात असे दृश्य घालण्याची गरज कोणालाही वाटली नसती. माझ्या मते पुढच्या सगळ्या पाठलागाला वजन इथून येते.

महापौरही सरधोपट खलनायक नाही. सत्य सांगणाऱ्याला गावच्या उत्पन्नासाठी गप्प करणारा हा माणूस हेन्रिक इब्सेनच्या ॲन एनिमी ऑफ द पीपल या नाटकाची आठवण करून देतो, आणि समीक्षकांनी ती तुलना वारंवार केली आहे. पण इस्पितळात तो हादरून पुटपुटतो, की त्याचीही मुले त्याच किनाऱ्यावर होती. कोविडच्या साथीत जगभर व्हॉनची आठवण निघाली ती त्याच्या या ओळखीच्या अंधपणामुळे.

रात्री बोटीत तिघे आपापले व्रण दाखवत हसत असतात आणि क्विंट ‘इंडियानापोलिस’ या युद्धनौकेची हकीकत सांगू लागतो. हे स्वगत हॉवर्ड सॅकलर यांनी सुचवले, जॉन मिलियस यांनी वाढवले आणि स्वतः नाटककार असलेल्या शॉ यांनी त्याला अंतिम रूप दिले. घटना खरी आहे. हिरोशिमावर टाकलेल्या अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोहोचवल्यानंतर गुआमहून फिलिपिन्समधील लेटेकडे निघालेली ही नौका ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने बुडवली. क्विंट तारीख २९ जून सांगतो आणि ११०० माणसे पाण्यात पडल्याचे सांगतो. प्रत्यक्षात सुमारे ९०० जण पाण्यात उतरले होते आणि ३१६ वाचले, हा आकडा त्याने बरोबर सांगितला आहे. मेलेल्यांपैकी अनेकांचा जीव जखमा, तहान आणि खारे पाणी पिण्यामुळे गेला. पडद्यावर कुठलेही पूर्वदृश्य नाही, फक्त शॉचा चेहरा आणि दबलेला आवाज. सर्वांत मोठा नरसंहार या चित्रपटात केवळ बोलण्यातून घडतो.

व्यवसाय आणि वारसा

दूरचित्रवाणीवर मोठी जाहिरात करून अमेरिकेतील ४०९ चित्रपटगृहांत एकाच वेळी प्रदर्शन झाले. त्या काळी मोठे चित्रपट मोजक्या शहरांतून हळूहळू पसरत. तोपर्यंतचा सर्वाधिक कमाईचा विक्रम जॉजने मोडला आणि १९७७ मध्ये स्टार वॉर्स येईपर्यंत तो त्याच्याकडे राहिला. उन्हाळ्यातल्या महाचित्रपटांची हॉलिवुडची प्रथा येथून रुजली असे मानतात. संकलन, संगीत व ध्वनी यांसाठी तीन ऑस्कर मिळाले. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. १९७८, १९८३ आणि १९८७ साली पुढचे भाग आले. स्पीलबर्गने त्यांपैकी एकही केला नाही आणि एकही मूळ चित्रपटाजवळ पोहोचत नाही.

या लोकप्रियतेची किंमत खऱ्या शार्कनी मोजली. चित्रपटानंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी शिकारीला जोर आला, जरी जगभरातील ऱ्हासाचे मोठे कारण व्यापारी मासेमारी आणि परांचा व्यापार हेच आहे. एका माणसावर डूख धरणारा शार्क निसर्गात नसतो. जगभरात विनाकारण हल्ल्यांत दर वर्षी मरणाऱ्यांची सरासरी दहाच्या आत आहे. बेंचली यांनी आयुष्याचा उत्तरार्ध समुद्रसंवर्धनासाठी दिला आणि २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. आता जे माहीत आहे ते पाहता अशी कादंबरी आपण लिहू शकणार नाही, असे ते सांगत. स्पीलबर्गनेही २०२२ मध्ये याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. चित्रीकरण झालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ संरक्षणामुळे सील वाढले, आणि त्यांच्या मागोमाग पांढरे शार्कही परतले आहेत; त्याच राज्यातील केप कॉड द्वीपकल्पाच्या किनाऱ्यांवर आता उन्हाळ्यात धोक्याची सूचना देणारे जांभळे झेंडे लावले जातात.