फ्यूगची पार्श्वभूमी: झार्लिनोपासून शोस्ताकोविचपर्यंत

पाश्चात्त्य अभिजात संगीतातला फ्यूग हा सोनाटासारखा ठरीव साचा आहे, असं अनेकांना वाटतं. खरं तर फ्यूगमध्ये पक्की ठरलेली असते ती फक्त सुरुवात. एक आवाज, म्हणजे सुरावटीची एक स्वतंत्र ओळ, एकटाच ‘विषय’ ही मूळ छोटी धून मांडतो. तो संपत आला की दुसरा आवाज तोच विषय पंचमावरून घेतो, ते ‘उत्तर’. त्या वेळी पहिला आवाज जी जोडीची ओळ चालू ठेवतो तो ‘प्रतिविषय’. सगळे आवाज असे एकेक करून आत आले की मांडणी पूर्ण होते. पुढचं सगळं संगीतकाराच्या हाती असतं, आणि फ्यूगचा इतिहास घडला तो याच मोकळ्या भागात.

सोळाव्या शतकात ‘फुगा’ हा शब्द बहुधा कॅननसाठी वापरत, म्हणजे एका आवाजाची सुरावट दुसऱ्यानं मागून जशीच्या तशी घेण्यासाठी. व्हेनिसच्या जोसेफ्फो झार्लिनोनं १५५८च्या आपल्या ग्रंथात नेमका भेद केला: मागून येणाऱ्या आवाजानं स्वरांमधली अंतरं तंतोतंत राखली तर फुगा, थोडी बदलली तर नुसतं अनुकरण. त्या काळच्या चर्चसंगीतात शब्दांच्या दर ओळीला नवा विषय येई आणि सगळे आवाज तो पाळीपाळीनं उचलत. हीच लेखनपद्धत ऑर्गनवर गेली तेव्हा रचना बांधून ठेवणारे शब्द उरले नाहीत. मग रिचेरकार आणि फांताझिया या वाद्यरचनांत विषयांची संख्या घटत गेली. ॲमस्टरडॅमचा ऑर्गनवादक स्वेलिंक अख्खी फांताझिया एकाच विषयावर उभी करी: आधी मूळ लयीत, मग दुप्पट लांब स्वरांत, मग निम्म्या. त्याच्या शिष्यांनी उत्तर जर्मनीतल्या मोठ्या चर्चांचे ऑर्गन सांभाळले. त्याच परंपरेतल्या बुक्स्टेहुडेला ऐकायला जर्मन संगीतकार बाख १७०५ साली आर्नश्टाटहून ल्युबेकला, चारशेहून जास्त किलोमीटर, पायी गेला.

१७२२ साली बाखनं चोवीस पट्ट्यांत प्रत्येकी एक प्रेल्यूड (आधी वाजणारी छोटी रचना) आणि एक फ्यूग अशी वही पूर्ण केली. तिच्यातला पहिला, सी मेजरचा चार आवाजांचा फ्यूग जेमतेम २७ बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) आहे. त्याचे आवाज वरून खाली असे: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. विषय चौदा स्वरांचा: सा रे ग म प म ग ध रे प ध प म ग. आल्टो सुरुवात करतो, सोप्रानो आणि टेनर दोघंही पंचमावरून उत्तर देतात, शेवटी बास षड्जावरून येतो. सातव्या बारात सोप्रानो पुन्हा विषय घेतो आणि त्याच्या पाठोपाठ एकाच मात्रेनं टेनर पंचमावरून तोच विषय सुरू करतो. पहिला संपण्याआधीच दुसरा घुसण्याच्या या प्रकाराला स्ट्रेटो म्हणतात. विषय एकूण २४ वेळा येतो, विषय नसलेले विसाव्याचे भाग जवळजवळ नाहीतच. असा स्ट्रेटो मागाहून जमवता येत नाही. विषय किती मात्रांच्या आणि किती स्वरांच्या अंतरानं स्वतःवरच बसतो, हे फ्यूग लिहायला घेण्याआधीच कागदावर तपासून ठेवावं लागतं.

त्याच वहीतल्या सी मायनरच्या फ्यूगमध्ये वेगळी अडचण दिसते. विषयाची सुरुवात आहे सा नि सा प. ती जशीच्या तशी पाच स्वर वर नेली तर उत्तर होईल प, तीव्र म, प, रे. म्हणजे विषयात षड्जापाठोपाठ ठळकपणे आलेल्या पंचमाला उत्तर मिळेल रिषभाचं, आणि घरची पट्टी कानावर ठसण्याआधीच सुटायला लागेल. बाख चौथा स्वर बदलतो: प, तीव्र म, प, सा. सा-पला प-सा हे उत्तर. शिकणारे सर्वांत जास्त अडखळतात ते इथेच. काही जण बदल करतच नाहीत, काही जण नको तिथे करून विषयाची ओळखच घालवतात. नियम साधा आहे: विषयाच्या तोंडाशी पंचम ठळक असेल तर त्याचं उत्तर षड्जानं द्यायचं, आणि बदल जितक्या लवकर उरकेल तितका बरा.

प्रतिविषयाचं गणित त्याहून कडक. तो विषयाच्या वरही चालला पाहिजे आणि खालीही. सा-प हे पाचवं अंतर सप्तक बदलून उलटलं की चौथं होतं, आणि बासच्या वर येणारं चौथं त्या काळच्या नियमांत विसंवादी. म्हणून मूळ मांडणीतलं पाचवं अंतरही विसंवादी समजूनच हाताळावं लागतं. तिसऱ्याचं सहावं होतं आणि सहाव्याचं तिसरं, ती अंतरं निर्धोक. पण नुसती तीच सलग वापरली की दोन आवाज एकमेकांना चिकटून चालतात आणि फ्यूगचा जीवच जातो. शिवाय हार्पसिकॉर्ड या तारा छेडणाऱ्या कळवाद्यावर एखादा आवाज जोरात वाजवून पुढे काढता येत नाही. त्यामुळे विषय घेण्याआधी त्या आवाजाला थोडं थांबवण्याची युक्ती रूढ झाली: शांततेनंतर आलेला स्वर कान लगेच टिपतो.

डी मायनरमधल्या एकाच विषयातून निघालेले चौदा फ्यूग आणि चार कॅनन असा बाखचा शेवटचा मोठा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १७५१ साली छापला गेला. शेवटच्या फ्यूगचं हस्तलिखित २३९व्या बाराशी तुटतं. तोवर फ्यूग जुन्या वळणाचा ठरला होता, तरी व्हिएन्नानं तो सोडला नाही. हायडननं १७७२च्या सहा चौकड्यांपैकी (चार तंतुवाद्यांच्या रचना) तिघींचा शेवट फ्यूगनं केला. १७८२ साली बॅरन फान स्वीटनच्या घरच्या रविवारच्या बैठकींत मोत्सार्टच्या हाती बाखचे फ्यूग आले, त्यातले काही त्यानं तंतुवाद्यांसाठी उतरवले. १७८८च्या त्याच्या शेवटच्या सिंफनीच्या अंतिम भागात पाच कल्पना एकाच वेळी वाजतात, त्या याच अभ्यासाच्या जोरावर. बेटहोव्हननं एका चौकडीचा शेवट म्हणून तब्बल ७४१ बारांचा फ्यूग लिहिला. मार्च १८२६च्या पहिल्या प्रयोगात तो श्रोत्यांच्या पचनी पडला नाही. प्रकाशकाच्या सांगण्यावरून त्यानं तो वेगळा काढला आणि चौकडीला नवा शेवट जोडला. आजही वाजवायला इतकं अवघड दुसरं फारसं काही चौकडी वाजवणाऱ्यांकडे नाही.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कॉन्झर्व्हटॉअर या संगीत महाविद्यालयानं फ्यूग परीक्षेत नेला आणि तिथे खरोखरच साचा तयार झाला: मांडणी, ठरलेल्या पट्ट्यांतल्या फेऱ्या, दर वेळी जवळ येणारे स्ट्रेटो, शेवटी बासमध्ये धरून ठेवलेला स्वर. प्री द रोम या संगीतस्पर्धेच्या पहिल्या फेरीत असा फ्यूग लिहावा लागे. १९०५ साली संगीतकार राव्हेल याच फेरीत बाद झाला आणि पॅरिसभर गदारोळ उठला. शिस्त म्हणून हा सराव उपयोगी आहे, पण बाखचा २७ बारांचा सी मेजर फ्यूग या साच्यात बसत नाही, हे शिकवणाऱ्यानं विद्यार्थ्याला सांगायलाच हवं.

विसाव्या शतकानं साचा बाजूला ठेवला, पद्धत ठेवली. बार्टोकनं १९३६ साली तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि चेलेस्टासाठी (घंटांसारखा नाद देणारं कळवाद्य) लिहिलेल्या रचनेचा पहिला भाग फ्यूग आहे. विषय ए या स्वरापासून निघतो; पुढचे प्रवेश पाळीपाळीनं पाच-पाच स्वर वर आणि खाली सरकत जातात, दोन्ही वाटा ई फ्लॅटवर भेटतात आणि तिथे नाद शिगेला पोहोचतो. परतीला विषय उलटा होतो. शोस्ताकोविच १९५० साली बाखच्या द्विशताब्दीसाठी लाइपझिगला गेला आणि परतल्यावर फेब्रुवारी १९५१पर्यंत त्यानं चोवीसही पट्ट्यांतले प्रेल्यूड आणि फ्यूग लिहून काढले. त्यातला ए मेजरचा फ्यूग नियमांची बाजूच पालटतो. त्याचा विषय फक्त सा, ग, प या स्वरांतून चालतो, आणि तीन आवाज कसेही एकावर एक आले तरी सबंध फ्यूगमध्ये विसंवादी अंतर ऐकू येत नाही.