जंगलवाटेचा टायर: कुठल्या मातीने काय शिकवलं

जंगलातल्या वाटांसाठी माउंटन बाइकचा टायर घ्यायला गेलं की प्रश्नांची रांग लागते. रुंदी किती, बटणं (टायरवरचे रबरी उंचवटे) उंच की बुटकी, रबर मऊ की टणक, ट्यूब की ट्यूबलेस? यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी ठरावीक जमिनीवर सायकल हाकणाऱ्या माणसांना आधी पडलेला आहे. ती जमीन कोणती, हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

रुंद टायर मुळात डोंगरासाठी आलाच नव्हता. १९३३ मध्ये श्विन कंपनीने अमेरिकेतल्या मुलांच्या सायकलींना २६ इंची चाकावर २.१२५ इंच रुंदीचा ‘बलून’ टायर दिला. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतले तरुण याच जुन्या, जडशीळ सायकली डोंगरउतारावरून पिटाळू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळ ‘रीपॅक’ची पहिली शर्यत झाली. दोन मैलांच्या आतच सुमारे १३०० फुटांचा उतार. ब्रेक इतके तापत की हबमधलं (चाकाच्या मधल्या भागातलं) ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, त्यावरूनच हे नाव पडलं. १९७७ मध्ये याच मंडळींतल्या जो ब्रीझने या कामासाठी खास फ्रेम बांधली, तरी चाक २६ इंचीच राहिलं. बटणांचा जाड टायर त्याच मापात मिळत होता, एवढंच त्यामागचं कारण.

ही जमीन कोरडी होती: धूळ, खडी, कडक माती. तिथे उत्तम पकड देणारी जवळजवळ लावलेली बुटकी बटणं ओल्या जंगलात गेली की मातीने भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो.

ओल्या जमिनीचा विचार वेगळ्याच माणसाने केला, आणि त्याचं नाव या इतिहासात फार कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं. इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांमधल्या चिखलात जेफ ॲप्स स्वतःच्या रचनेच्या सायकली चालवत होता. मोटरसायकल ट्रायल्सची (अडथळ्यांवरून गाडी तोल सांभाळत नेण्याच्या खेळाची) त्याला आवड होती, त्यामुळे कमी हवेचा टायर जमिनीला कसा धरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फिनलंडमध्ये बर्फासाठी बनणारे ‘हाक्कापेलिट्टा’ टायर मागवले. त्यांचं एक माप ६५०बी, म्हणजे ५८४ मिमी व्यासाच्या रिमचं, तर दुसरं ७००सी, म्हणजे ६२२ मिमीचं. मोठ्या मापाचे काही टायर त्याने कॅलिफोर्नियात मरीनच्या त्याच मंडळींतल्या गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनाही पाठवले. तिथल्या मंडळींना ते आवडले, पण पुरवठ्याची शाश्वती नव्हती आणि २६ इंच कायम राहिलं. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी या कंपनीने ६२२ मिमी रिमसाठी २.१ इंची ‘नॅनोरॅप्टर’ काढला, तेव्हा कुठे २९ इंची चाकाचा रस्ता मोकळा झाला. आजचं २७.५ इंची चाक म्हणजे तेच ५८४ मिमी रिमचं माप.

नव्वदच्या दशकात पॅनारेसर कंपनीच्या ‘डार्ट’ (पुढचा) आणि ‘स्मोक’ (मागचा) या टायरजोडीने आणखी एक गोष्ट रुजवली. पुढचा टायर वळवतो, मागचा ढकलतो, मग दोघांची बटणं सारखी कशाला? हा प्रश्न आजही तितकाच रास्त आहे.

जंगलात खरी कसोटी लागते ती ओल्या मुळांवर. तिथे बटणाला रुतायला जागाच नसते, त्यामुळे त्याच्या उंचीचा काही उपयोग होत नाही. उपयोगी पडतं मऊ रबर आणि कमी हवा. पण ट्यूब असताना हवा कमी केली की मुळावर किंवा दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेपते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं. म्हणून १९९९ मध्ये माविक, मिशेलिन आणि हचिन्सन यांनी मिळून आणलेली यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोठा टप्पा वाटते. पाठोपाठ स्टॅन्स नोट्यूब्स कंपनीच्या सीलंटमुळे (टायरमधली भोकं बुजवणाऱ्या द्रवामुळे) साध्या रिमवरही ट्यूबलेस शक्य झालं. जिथे ३५ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लागायचं तिथे २५ च्या आसपास भागू लागलं, आणि टायर मुळावरून उसळण्याऐवजी त्याला लपेटून जाऊ लागला. हवा नेमकी किती, हे अर्थात वजन, रुंदी आणि टायरच्या जाडीवर ठरतं.

वाटाही बदलत गेल्या. वेल्समधल्या कोएड-अ-ब्रेनिनच्या जंगलात नव्वदच्या दशकात खास माउंटन बाइकसाठी दगडगोट्यांचा पक्का थर दिलेल्या वाटा बांधल्या गेल्या. तशा वाटांवर चिखलासाठीची उंच, विरळ बटणं वळणावर वाकतात आणि उगाच दमवतात.

२०१५ च्या सुमारास २.८ ते ३ इंचांचे ‘प्लस’ टायर जोरात आले. पकड भरपूर होती, पण वजन आवरायला टायरच्या बाजूच्या भिंती पातळ ठेवलेल्या असत, त्यामुळे ते दगडांवर फाटत. शिवाय मऊ चिखलात खालच्या घट्ट थरापर्यंत पोचण्याऐवजी वरवरच तरंगत. ती लाट ओसरली आणि जंगलवाटांची रुंदी साधारण २.४ ते २.६ इंचांवर स्थिरावली. पुढच्या चाकाला मऊ रबराचा, उंच आणि विरळ बटणांचा टायर. मागच्या चाकाला थोडा टणक, मधली बटणं बुटकी असलेला, पण भिंती दणकट असलेला, कारण दगडाचा मार मागच्या चाकाला जास्त बसतो. सतत चिखल असलेल्या रानात मात्र रुंदी थोडी कमीच बरी, म्हणजे फ्रेम आणि टायरमध्ये माती अडकत नाही.