एप्रिल आला म्हणजे हिमस्खलन संपलं?

एप्रिल उजाडला, ऊन तापलं, बर्फ दबून बसला, आता हिमस्खलनाची भीती नाही: रानावनातल्या डोंगरांत स्की करणाऱ्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चूक आहे आणि जिवावर बेतू शकतो.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनवरची टकरमन रॅव्हिन पाहा. इथे लिफ्ट नाही. स्की पाठीला बांधून चढायचं. माथ्यावरचा वारा हिवाळाभर या खोलगट घळीत बर्फ लोटतो, म्हणून तो मे महिन्यातही टिकतो. (याच माथ्यावर १२ एप्रिल १९३४ला ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. वसंत म्हणजे सौम्य हवा, हे तिथे गृहीत धरू नये.)

वसंतात धोका जात नाही, त्याची तऱ्हा बदलते. वितळलेलं पाणी आत झिरपतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. रात्री ते नीट गोठलं, तर सकाळी थर भक्कम असतो. पण रात्र ढगाळ असेल, तर बर्फातली उष्णता आकाशात निघून जात नाही. तो पुरेसा गोठत नाही आणि सकाळी लवकर निघूनही फायदा होत नाही. त्यामुळे पहाटेच्या तापमानाइतकंच रात्रीचं आकाशही पाहायला हवं.

बूट खोल रुतू लागले, उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळू लागले, की तीव्र उतार सोडावा. कड्यावरून तुटणारे बर्फाचे मोठे तुकडे आणि खालून वाहत्या पाण्याने पोखरलेला बर्फ, हे धोके तर ऊन वाढेल तसे वाढतात.