अकरा अक्षौहिणी आणि सात

कोकणातल्या देवळात उत्सवाचं कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला नीतिशास्त्र समजावून सांगायची एक जुनी रीत ठाऊक असते. तिला तो त्या नावाने ओळखत नाही एवढंच. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगाला एखादा अभंग घेऊन निरूपण करतात. मध्यंतरात बुवांना हार, श्रोत्यांना बुक्का, नामाचा गजर. मग उत्तररंगाचं आख्यान, म्हणजे मघाचा सिद्धांत कुणाच्या तरी अंगाशी येतो त्याची गोष्ट. पूर्वरंगाला पेंगणारी मंडळी इथे सावरून बसतात. मराठी वाचकापर्यंत नीतिविचार नेणाऱ्यांत याच किनारपट्टीत जन्मलेली बरीच माणसं आहेत, आणि त्यांचं लेखन वाचताना मला हटकून बुवा आठवतात.

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, 1856चा. ‘गीतारहस्य’ त्यांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं आणि ते 1915 साली छापून आलं. ग्रंथाच्या जाडीला लोक बिचकतात. त्यांनी सरळ ‘कर्मजिज्ञासा’ हे दुसरं प्रकरण उघडावं. तिथे एकामागून एक पेच मांडलेत. बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा तर आईचं काय करायचं, या कोड्यात सापडलेला शेक्सपिअरचा हॅम्लेट आहे. दुष्काळात चांडाळाच्या घरी कुत्र्याचं मांस चोरायला शिरलेला विश्वामित्र आहे. पुढे बेंथॅम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांचा विचार येतो, की ज्यातून जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुख मिळेल ते योग्य; तोही ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ अशा रोकड्या मराठीत. त्यावरचा टिळकांचा आक्षेप तर तोंडी हिशेबाचा आहे. कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. नुसती डोकी मोजायची, तर पांडव हरले असते तर जास्त लोक सुखी झाले असते. म्हणून काय न्याय कौरवांच्या बाजूला होता म्हणायचं? मिलचं नावही न ऐकलेल्याला हे पटकन उमगतं, कारण अकरा आणि सात हे आकडे त्याने आजीकडून ऐकलेले असतात. (मिलला हा आक्षेप पुरता लागू पडतो असं मला वाटत नाही. तो काही एका लढाईपुरती शिरगणती करत नव्हता. पण वाद घालायला वाचक तयार झाला, हे काय कमी आहे?)

रायगड जिल्ह्यातल्या तळे गावचे वामन मल्हार जोशी यांनी 1919 मध्ये ‘नीतिशास्त्रप्रवेश’ हे रीतसर पुस्तक लिहिलं. सामान्य वाचकाच्या ओळखीचे मात्र ते कादंबरीकार म्हणूनच. ‘सुशीलेचा देव’मध्ये (1930) नायिकेची देवाची कल्पना वयाबरोबर बदलत जाते, आणि तत्त्वचर्चा चालते ती घरातल्या माणसांच्या तोंडून.

सगळ्यात मोठा पल्ला गाठला तो बोललेल्या शब्दाने. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, ओळीने अठरा रविवार, त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. ते उतरवून घेणारे होते दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी. पहिल्याच प्रवचनात एक न्यायाधीश येतो. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिलेली असते. एक दिवस त्याचाच मुलगा खुनी म्हणून समोर उभा राहतो, आणि याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. युक्तिवाद सगळे बिनचूक, फक्त ते सुचायची वेळ संशयास्पद. अर्जुनाची युद्धाविषयीची विरक्ती तसलीच, असं विनोबांचं म्हणणं. तत्त्व आणि आसक्ती यांतला फरक सांगायला दुसऱ्या कुणाला पानंच्या पानं लागली असती.

उलट, चिपळूणजवळच्या पेढे गावात जन्मलेल्या पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत निघाला, तो इंग्रजीत. भारतरत्न मिळालं, जगभरचे अभ्यासक आजही तो उघडतात. पण पेढ्याच्या शेजारणीच्या हातात तो पडणं शक्यच नव्हतं.

आमच्या गावच्या उत्सवात एका वर्षी हरिश्चंद्राचं आख्यान लागलं होतं. राजा शब्द पाळायला बायको विकतो, तिथे बुवांनी आवाज असा लावला की मागच्या बायका डोळे पुसू लागल्या. कीर्तन सुटल्यावर बॅटरीच्या उजेडात पाखाडी उतरताना पुढे चाललेली काकू कुणाला तरी म्हणाली, “शब्द राजाचा. मग विकायचं तर स्वतःला आधी विकावं ना. तारामतीला विचारलंन का कोणी?” खालच्या वळणापर्यंत तिघी-चौघी त्यावरच भांडत होत्या.